काचेच्या पटावरील सोंगट्या

बोटाच्या टोकाने काचेवरील चित्रे हलविण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा एकाच थाटात सांगितला जातो. प्रथम यंत्रांना कळा, खटके, दांडे आणि फिरत्या मुठी होत्या. पुढे काच आली. मग नुसते बोट पुरेसे झाले आणि बाकीची सारी सामग्री अडगळीत गेली, असा त्याचा सारांश असतो. दुकानांतील जाहिरातींनी हा पाठ इतका रूढ करून टाकला आहे की, त्याविषयी शंका घ्यावी असे कोणास वाटतही नाही. आम्हांस मात्र या कथेत एक पात्र सतत गाळले गेल्याचे दिसते. ते पात्र म्हणजे हातात धरावयाची वस्तू: पटावरची सोंगटी, पडद्यावर टेकवावयाची मूठ, चिमटीत फिरवावयाची चकती. काच आली त्याच दिवशी ही वस्तूही तिच्या शेजारी येऊन बसली होती. त्यानंतरच्या अर्धशतकात तिला अनेकवार हाकलण्यात आले आणि अनेकवार ती परत आली. तिच्या या येरझाऱ्यांची हकिकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. टचस्क्रीनला आम्ही येथे ‘स्पर्शपट’ म्हणणार आहोत. वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

प्रथम आपल्या घरच्या पटाकडे पाहू. सारीपाटाचा पट कापडाचा. चार पट्ट्यांचा क्रूस, प्रत्येक पट्टीत चोवीस घरे, मिळून ९६. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. आणि फासे किंवा कवड्या. जेजुरीच्या खंडोबाने म्हाळसेबरोबर हा खेळ मांडला, पैजेत तो हरला आणि बारा वर्षे घराबाहेर राहून बाणाईस भेटला, ही कथा वाघ्यामुरळींच्या जागरणात आपण ऐकलेली आहे. या खेळात पट काहीच जाणत नाही. खेळाची सारी स्मृती सोंगट्यांच्या ठिकाणी असते. जेवणाची हाक आली, खेळणारे उठून गेले, दोन तासांनी परत आले, तरी डाव जसाच्या तसा. कोणी पुन्हा काही सांगावे लागत नाही. सोंगटी ठेवली तेथे राहते, या अतिसामान्य गुणाकडे आपले लक्ष जात नाही. पुढे जेव्हा शहाण्या काचेवर सोंगटी ठेवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा नेमका हाच गुण साधणे सर्वांत अवघड गेले, म्हणून त्याचा येथे आरंभीच उल्लेख केला.

आता काचेच्या जन्माकडे वळू. इंग्लंडातील मॉलव्हर्न येथे रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट ही सरकारी संशोधनसंस्था होती. तेथील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध करून स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली आणि १९६७ साली तिचे सविस्तर वर्णन केले. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या माणसास वारंवार तीच ती माहिती टंकलिखित करावी लागू नये, पडद्यावर दिसणाऱ्या नावालाच बोट लावून काम भागावे, हा त्यांचा हेतू. पडद्यासमोर तांब्याच्या तारा ताणलेल्या. बोट लागले की तारेची विद्युत्‌धारकता बदलते आणि संगणकास ते कळते. कल्पना सरळ होती. मुख्य म्हणजे ती एका कंटाळवाण्या, जबाबदारीच्या नोकरीतून जन्मली होती. करमणुकीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने खरा आरंभ १९७२ साली, जिनीव्हाजवळच्या सर्न या अणुकेंद्र-संशोधनसंस्थेत झाला. तेथे सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन नावाचा सुमारे सात किलोमीटर परिघाचा प्रचंड त्वरक उभा राहत होता. अशा यंत्राच्या नियंत्रणकक्षात जुन्या पद्धतीने प्रत्येक चुंबकास, प्रत्येक पंपास स्वतंत्र खटका व मूठ द्यावी, तर भिंतीच्या भिंती भरून गेल्या असत्या आणि त्यांपुढे धावाधाव करणारी माणसे थकून गेली असती. नियंत्रणकक्षाची जबाबदारी असलेले फ्रँक बेक यांनी ही अडचण बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्यापुढे ठेवली. ११ मार्च १९७२ या तारखेचे स्टुम्पे यांचे हस्तलिखित टिपण आजही प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी स्पर्शपट तर सुचविलाच, पण त्याच्याबरोबर एक फिरता गोळा आणि संगणकाच्या आज्ञेत राहणारी एक फिरती मूठ याही वस्तू सुचविल्या. पुढील वर्षी बेक आणि स्टुम्पे यांनी मिळून जो अहवाल लिहिला त्याच्या शीर्षकातच ‘दोन साधनां’चा निर्देश आहे. ती दोन साधने म्हणजे काच आणि मूठ.

येथे थोडे थांबावेसे वाटते. सर्नच्या त्या काचेवर सोळा जागा ठरलेल्या होत्या. काचेवर तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषा कोरून त्या तयार केलेल्या. प्रत्येक जागेखाली कोणते नाव उमटावे ते संगणक ठरवी; एका नावास बोट लावले की नवी सोळा नावे उमटत, त्यांतील एकास लावले की आणखी सोळा. असा जिना उतरत उतरत चालक हजारो उपकरणांपैकी नेमक्या एका उपकरणापाशी पोहोचे. पोहोचल्यावर काय? चुंबकातील प्रवाह किंचित वाढवावयाचा आहे, थोडा कमी करावयाचा आहे, मध्येच थांबून परिणाम पाहावयाचा आहे. हे काम बोटाच्या टिचकीने होण्यासारखे नाही. तेथे मूठ लागे. ती मूठही साधी नव्हती. संगणक सांगेल त्याप्रमाणे ती कधी मोकळी फिरे, तर कधी ठरावीक अंतरावर खाचेत अडकल्यासारखी थबके. म्हणजे हातातील वस्तू तीच, पण तिचा ‘हात’ कामाप्रमाणे बदले. निवड काचेने करावी आणि जुळवणी मुठीने, अशी ही वाटणी होती. १९७६ साली तो त्वरक सुरू झाला. १९८३ साली ज्या प्रयोगांत डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले, ते याच यंत्रावर झाले. काच आणि मूठ यांचा हा संसार जगातील अत्यंत सूक्ष्म कामासाठी मांडला गेला होता आणि तो सुखाने चालला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच १९७२ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्लेटो या शिक्षणयंत्रणेची चौथी आवृत्ती निघाली. तिच्या नारिंगी पडद्यास सोळा आडव्या, सोळा उभ्या अवरक्त किरणांचे कुंपण होते. बोटाने किरण अडला की जागा कळे. विद्यार्थी उत्तरास बोट लावीत. ही पद्धत महत्त्वाची असली तरी वस्तूची तिला गरज भासली नाही, म्हणून आपणही पुढे जाऊ.

यानंतरची वीस वर्षे टंकफलक आणि माऊस यांची. माऊस ही वस्तू खरी, परंतु ती कोणाचीच प्रतिनिधी नसते. या क्षणी ती कागद असते, दुसऱ्या क्षणी कात्री. सोंगटीचे तसे नाही. तांबडी सोंगटी तांबडीच. वस्तूने एका विशिष्ट माहितीशी आपले नाते जोडावे आणि ते टिकवावे, ही कल्पना संगणकाच्या जगात पुन्हा मांडली ती ड्यूरेल बिशप या तरुण विद्यार्थ्याने. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना १९९२ साली त्याने एक नमुना कल्पिला. दूरध्वनीवर निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर पडावी. प्रत्येक निरोपाची एक गोटी. गोटी उचलून खळग्यात टाकली की निरोप ऐकू यावा. दूरध्वनीवर ठेवली की निरोप देणाऱ्यास परत फोन लागावा. किती निरोप आले हे पाहण्यास कोणतेही बटण दाबावे लागत नाही. गोट्या मोजल्या की झाले. हे यंत्र बाजारात कधीच आले नाही, पण या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेक प्रत्येकाने त्याचे स्मरण केले आहे.

आपल्याकडील वाचकांस यात नवल वाटू नये. बँकेच्या खिडकीवर धनादेश दिला की पितळेचा क्रमांक घातलेला बिल्ला हाती पडे, आणि तो बिल्ला म्हणजेच आपले पैसे, अशा भावनेने माणसे तो मुठीत घट्ट धरून बाकावर बसत. आम्ही नोकरीनिमित्त दिल्लीस राहतो. येथील मेट्रो २००२ साली धावू लागली तेव्हा एकेरी प्रवासासाठी प्लॅस्टिकचे गोल टोकन मिळे. ते फाटकावर टेकवून आत जावयाचे आणि उतरताना फटीत टाकावयाचे. २०२३ पासून त्याची जागा छापील चौकटीच्या कागदी तिकिटाने घेण्यास सुरुवात केली. कागद स्वस्त आहे, फोनमधील तिकीट त्याहून स्वस्त. तरीही खिशात हात घालून न पाहता ‘आहे’ अशी खात्री करून घेण्याची जी सोय त्या चकतीत होती ती आता उरलेली नाही. आमच्या कार्यालयातही संचिका संगणकावर गेल्या. त्याने शोधाशोध वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु टेबलावरील गठ्ठ्याची उंची पाहून दिवसाचा अंदाज बांधण्याची कारकुनाची कला त्याबरोबर गेली, तीही नोंदवून ठेवावी.

बिशपच्या गोट्यांनंतर तीनच वर्षांनी, १९९५ साली, जॉर्ज फिट्झमॉरिस, हिरोशी इशिई आणि विल्यम बक्स्टन यांनी एका आडव्या पडद्यावर लहान विटा ठेवल्या. वीट पडद्यावरील चित्राला चिकटे. वीट सरकवली की चित्र सरके, फिरवली की फिरे, आणि दोन विटा दोन हातांनी दूर केल्या की चित्र ताणले जाई. दोन बोटांनी काचेवर चित्र मोठे करण्याची क्रिया आज लहान मूलही करते. तिच्या पूर्वजांत या विटाही आहेत. इशिई पुढे मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि १९९७ साली त्यांनी ब्रिग उल्मर यांच्याबरोबर एक निबंध लिहून या विचारास नाव व तत्त्व दिले. हार्वर्डमधील जुन्या शास्त्रीय उपकरणांच्या संग्रहातील ओक लाकडाची आणि पितळेची उपकरणे पाहून आपण भारावलो, असे त्यात त्यांनी सांगितले आहे. मणिचौकटीचे, म्हणजे अबॅकसचे, उदाहरणही ते देत आले आहेत. मणी हा आकडा दाखवितो आणि मणी हलविणे हीच बेरीज असते. दाखविणारे आणि करणारे असे दोन भाग तेथे वेगळे काढता येत नाहीत.

हाताने विचार होतो, हे म्हणणे काहींस अलंकारिक वाटेल. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. सॅन डिएगो येथील डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी १९९४ साली टेट्रिस खेळणाऱ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वरून पडणारा ठोकळा कोठे बसेल हे मनात फिरवून ठरविण्याऐवजी खेळाडू तो पडद्यावरच, कळ दाबून, गरजेपेक्षा अधिक वेळा फिरवीत. वरवर पाहता हा वाया गेलेला श्रम. परंतु मनात फिरविण्यापेक्षा प्रत्यक्ष फिरविणे अधिक वेगाचे होते. हालचाल ही ठिकाणावर पोहोचण्यासाठी नव्हती, कळण्यासाठी होती. कॅरमच्या सोंगट्यांकडे मान तिरकी करून पाहणारा किंवा बुद्धिबळातील प्यादे बोटांत घोळवणारा आपला शेजारी हेच करीत असतो.

२००० नंतरच्या पहिल्या दशकात या वस्तूंचा सुवर्णकाळ आला, तो अल्पकाळच टिकला. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात सर्जी जोर्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून रिॲक्टेबल नावाचे वाद्य घडविले. एक गोल, आतून उजळलेले मेज; त्यावर ठोकळे. एक ठोकळा सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लय देतो. ठोकळे जवळ आणले की त्यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ उमटते आणि नाद एकातून दुसऱ्यात वाहतो. मेजाच्या पोटात कॅमेरा असतो, ठोकळ्यांच्या तळाशी एक विचित्र, अमिबासारखी आकृती छापलेली असते आणि कॅमेरा ती ओळखून ठोकळा कोणता, कोठे व किती अंशांत वळलेला ते सांगतो. आइसलंडची गायिका ब्यॉर्क हिने २००७ सालच्या आपल्या दौऱ्यात हे वाद्य रंगमंचावर नेले. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने २००६ साली एंटरटेबल नावाचा खेळांचा पट दाखविला; आडवा पडदा, कडेने अवरक्त दिव्यांची ओळ आणि वर खऱ्या सोंगट्या. तो घरोघर पोहोचला नाही. मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस नावाचे तीस इंची मेज जाहीर केले. त्याच्या आत पाच कॅमेरे होते, तळाशी ठिपक्यांची खूण असलेली वस्तू त्यास ओळखता येई आणि किंमत दहा हजार डॉलरांच्या घरात होती. अमेरिकेतील काही दुकानांत गिऱ्हाइकाने दोन फोन मेजावर ठेवले की त्यांची तुलना काचेवर उमटे. पाहणारे थक्क होत. विकत घेणारे थोडे. २०१२ साली ते नाव काढून पाटीसारख्या संगणकास देण्यात आले आणि मेज मागे पडले.

मागे पडण्याचे कारण त्याच वर्षात आहे. जानेवारी २००७ मध्ये ॲपलने आयफोन दाखविला होता. त्याची काच खिशात मावे. तिच्या पोटात कॅमेरा मावणे शक्य नव्हते. तिची दृष्टी निराळी होती. या काचेत इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडच्या पारदर्शक थराचे उभेआडवे जाळे असते. बोट जवळ आले की जाळ्यातील विद्युत्‌भाराचा लहानसा अंश शरीराकडे ओढला जातो आणि कोणत्या छेदावर तूट आली ते मोजून बोटाची जागा ठरते. म्हणजे ही काच वस्तू पाहत नाहीच. तिला दिसतो फक्त ओलसर, विद्युत्‌वाहक, जमिनीशी नाते असलेला मानवी देह. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची सोंगटी तिच्यावर ठेवा. तिच्या लेखी तेथे काही नाही.

मग सोंगटीस वाहक करावे, हा पहिला उपाय. २०११ साली डिस्नेच्या ‘कार्स २’ या चित्रपटातील मोटारींची खेळणी आयपॅडसाठी निघाली. त्यांच्या तळाशी वाहक बिंदू असत आणि बिंदूंच्या रचनेवरून काचेस मोटार कोणती ते कळे. परंतु मुलाचे बोट मोटारीस लागलेले असेल तोवरच! बिंदूंना देहाचा आधार हवा. हात काढला की मोटार काचेवर उभी असूनही काचेच्या दृष्टीने नाहीशी. त्याच सुमारास काचेस चोषणीने चिकटणाऱ्या लहान मुठी विक्रीस आल्या. खेळताना अंगठा काचेवर कोठे आहे हे डोळ्यांनी पाहावे लागू नये म्हणून त्या होत्या. त्यांचेही तत्त्व अंगठ्याचा देहभार खाली पोहोचविण्याचे.

सारीपाटाचा तो गुण, ठेवली तेथे राहण्याचा, येथे हरवला होता. तो परत मिळविण्याचे काम जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी चिकाटीने केले. २००९ साली त्यांनी सिलिकोनच्या पारदर्शक कळफलक, मुठी आणि सरकपट्ट्या करून कॅमेऱ्याच्या मेजावर ठेवल्या होत्या. २०१३ साली ते साध्या स्पर्शपटाकडे वळले. त्यांची युक्ती सुरेख आहे. सोंगटीच्या तळाशी दोन किंवा अधिक वाहक ठिपके ठेवावयाचे आणि ते आतून जोडावयाचे. काच आपल्या जाळ्यातील रेषा एकामागून एक जागृत करते. ज्या क्षणी एका ठिपक्याखालची रेष जागी असते त्या क्षणी दुसऱ्या ठिपक्याखालची रेष निद्रिस्त, म्हणजे जमिनीशी जोडलेली असते. तेव्हा पहिल्या ठिपक्याचा भार दुसऱ्यातून काचेतच परत उतरतो. मनुष्यदेहाचे काम काचच आपल्या दुसऱ्या भागाकडून करून घेते. सोंगटी हात न लावता दिसू लागली. पण आणखी एक अडचण होतीच. काच जुळवून घेणारी आहे; बराच वेळ न हललेला स्पर्श हा थेंब किंवा दोष असावा असे समजून ती तो आपल्या हिशेबातून पुसून टाकते. स्वस्थ बसलेली सोंगटी विसरली जाऊ नये म्हणून २०१५ साली त्याच मंडळींनी सोंगटीच्या पोटात लहानशी विद्युत्‌यंत्रणा घातली. तिला काचेचे स्पंदन जाणवते आणि आपण अजून पटावर आहोत हे ती बिनतारी सांगत राहते. सोंगटीने जागेवर राहावे एवढ्यासाठी तिला घटमाळ द्यावी लागली.

काहींनी काचेस हात लावण्याचेच टाळले. कॅलिफोर्नियातील ऑस्मो या खेळण्याने २०१४ साली आयपॅडच्या कॅमेऱ्यापुढे एक लहान आरसा बसविला, आणि मुलांनी समोरच्या मेजावर मांडलेले लाकडी तुकडे व अक्षरे त्यातून पाहून घेतली. ही कंपनी २०१९ साली बंगळुरूच्या बायजूजने १२ कोटी डॉलरांस घेतली. पुढे बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. मुंबईच्या तरुण अभियंत्यांनी २०१६ साली स्क्वेअर ऑफ नावाचा बुद्धिबळाचा पट जगापुढे आणला. त्यात प्रतिपक्षाचे मोहरे पटाखालील चुंबकाने आपोआप चालतात. २०२५ साली अमेरिकेत बोर्ड या नावाचा चोवीस इंची स्पर्शपट निघाला आहे. तो खऱ्या सोंगट्यांनिशी विकला जातो आणि घरातल्यांनी एका मेजाभोवती बसावे हेच त्याचे आवाहन आहे. फिलिप्सने १९ वर्षांपूर्वी दाखविलेले तेच चित्र पुन्हा आले.

इथवरची गोष्ट खेळण्यांची झाली, आणि खेळणी गेली काय, राहिली काय, असे कोणी म्हणू शकेल. त्यांनी २१ ऑगस्ट २०१७ ची पहाट पाहावी. अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका सिंगापूरच्या सामुद्रधुनीकडे येत होती. तिच्या सुकाणूकक्षात सुकाणू आणि यंत्रांची गती ही दोन्ही स्पर्शपटांवरून चालत. सुकाणूवरील खलाशावर ताण पडतो असे पाहून कप्तानाने गतीचे नियंत्रण शेजारच्या जागेवर देण्यास सांगितले. हस्तांतर करताना सुकाणूही दुसऱ्या जागेवर गेले आणि खलाशास वाटले, ते निकामी झाले. जहाजास दोन पंखे. दोघांच्या गती एकत्र बांधण्याची सोय पडद्यावर होती, ती त्या वेळी सुटलेली होती. गती कमी करावयाच्या आज्ञेवर डाव्या पंख्याचीच गती उतरली, उजवा पूर्ववत फिरत राहिला आणि जहाज डावीकडे वळत जाऊन ॲल्निक एमसी या टँकरपुढे आले. धडकेत दहा खलाशी मृत्यू पावले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-सुरक्षा मंडळाने २०१९ सालच्या अहवालात मुख्य दोष नौदलाच्या देखरेखीचा व अपुऱ्या शिक्षणाचा ठरविला; तो ठरविणे योग्यच होते. सर्व पाप काचेच्या माथी मारणारे लोक हा भाग सोडून देतात. परंतु त्याच अहवालात स्पर्शपटांच्या रचनेने चुकीचा संभव वाढला, असेही स्पष्ट म्हटले आहे. दोन गतिदांडे शेजारी असते, तर एक मागे आणि एक पुढे आहे हे अंधारात तळहातास कळले असते, आणि शेजाऱ्यास दुरून दिसले असते. काचेवर ते एका लहान चौकोनातील खुणेत दडले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये नौदलाने अशा विनाशिकांवर पुन्हा खरे गतिदांडे बसविण्याचा निर्णय जाहीर केला.

मोटारींतही तेच घडले. स्वीडनच्या एका मोटारविषयक मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगात काही ठरावीक कामे करून पाहिली: आसन ऊबदार करणे, रेडिओ लावणे, दिवे मंद करणे, अशी. २००५ सालच्या, कळा असलेल्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत, ३०६ मीटरांत झाली. सर्वांत वाईट स्पर्शपटी मोटारीस १३७२ मीटर लागले. जवळजवळ दीड किलोमीटर रस्त्याकडे नीट न पाहता! युरोपातील मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ च्या नियमावलीत वळणदिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, काच पुसणारे हात आणि मदतीची हाक यांसाठी खऱ्या कळा असतील तरच पूर्ण गुण देण्याचे ठरविले.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर, मतदानयंत्राच्या कर्त्यांनी हा विवेक फार पूर्वी दाखविला असे आम्हांस वाटते. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. तेव्हापासून आजतागायत मतदारास दाबावयाची असते ती खरी, खाली जाणारी कळ. दिवा लागतो आणि शीळ वाजते. कळेच्या बाजूस ब्रेल लिपीत अनुक्रमांक कोरलेले असतात. अंध मतदार कळा बोटांनी मोजतो, नक्की करतो आणि मगच दाबतो.

‘बोटांनी मोजणे’ आणि ‘दाबणे’ यांतील हे अंतर नुसत्या काचेवर नाही. तेथे चाचपणे म्हणजेच आज्ञा. अंधांच्या बुद्धिबळात या अंतराची दखल नियमांतच घेतली आहे. त्यांचा पट निराळा असतो: काळी घरे पांढऱ्यांहून किंचित उंच, प्रत्येक घरास भोक, प्रत्येक मोहऱ्यास खाली खुंटी आणि काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर खूण. डोळस खेळाडूंत मोहऱ्यास हात लावला की तो चालवावाच लागतो. अंध खेळाडूचा हात तर सारा वेळ मोहऱ्यांवरून फिरत असतो, कारण तेच त्याचे पाहणे. म्हणून त्यांच्या नियमात मोहरा ‘स्पर्शिला’ असे तेव्हाच मानतात, जेव्हा तो भोकातून उचलला जातो. २००९ साली आयफोनच्या काचेस वाचून दाखविणारा आवाज देण्यात आला तेव्हा तेथेही अशीच वाटणी करावी लागली. अंध वापरणाऱ्याचे बोट काचेवरून फिरते तेव्हा आवाज फक्त नाव सांगतो. काम व्हावयाचे तर पाठोपाठ दोन टिचक्या द्याव्या लागतात. खुंटी आणि भोक यांचे काम तेथे दोन टिचक्या करतात, आणि मोहऱ्याच्या माथ्यावरील खुणेचे काम कानांकडे गेले आहे.